फेअरवेलच्या रात्रीसाठी ड्रायव्हरसह गाडी कशी ठरवावी : इंदूरच्या पालकांसाठी

इंदूरच्या बऱ्याच खासगी शाळांत बारावीच्या फेअरवेलला आता प्रॉम नाईटचं रूप आलंय. अकरावीची मुलं निरोप देतात, मुली साड्या नेसतात, मुलगे ब्लेझर नाहीतर बंदगळा घालतात. कार्यक्रमही शाळेच्या हॉलमधून निघून विजय नगरच्या एखाद्या हॉटेलात किंवा बायपासवरच्या रिसॉर्टमध्ये गेलाय. त्यामुळे चार-पाच मित्रमैत्रिणींनी मिळून ड्रायव्हरसह गाडी करायची पद्धतही रुळली आहे. अमेरिकेत प्रॉमला लिमोझिन करतात, आपल्याकडे इनोव्हा करतात.

माझं स्पष्ट मत आहे की ही गाडी परतीसाठी करायची असते. संध्याकाळी साडेपाचला पोचवायला काका, मामा, शेजारी कुणीही मिळतं. रात्री साडेअकराला, थंडीत, मुलं दमलेली असताना आणि फोनची बॅटरी पाच टक्क्यांवर आली असताना प्रत्येकाला त्याच्या दारात सोडणं हे खरं काम आहे. गाडी कोणती, सीटा किती, ड्रायव्हर कोण, पैसे कशाकशाचे, हे सगळं परतीच्या बाजूने ठरवत आलं की बाकीच्या गोष्टी सोप्या होतात.

स्वतः चालवण्याचा विषय आधी संपवून टाका

घरी हा विषय निघतोच. “बाबांची गाडी मी नेतो.” बारावीतली बरीच मुलं तेव्हा अठराची झालेली नसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाकडून गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्सही मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत जे दोन तरुण इंजिनिअर गेले ते आपल्या मध्य प्रदेशातलेच होते, आणि आरोपी मुलगा अल्पवयीन होता. हे मुलांना समोर बसवून सांगा. अठरा पूर्ण झालेल्या, लायसन्स हातात असलेल्या मुलालाही त्या रात्री चालवायला देऊ नका. लायसन्स मिळून चार महिने झालेत आणि मागे पाच जण ओरडताहेत, या परिस्थितीत मोठा माणूससुद्धा गडबडतो.

तारीख कळली की पंचांग उघडा

फेअरवेल साधारण जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला असते, कारण त्यानंतर बोर्डाच्या परीक्षा लागतात. नेमक्या याच दिवसांत इंदूरमध्ये गाड्या मिळत नाहीत. मकर संक्रांतीला लग्नांना वर्ज्य मानलेला मलमास (खरमास) संपतो आणि लग्नं सुरू होतात. वसंत पंचमी तर इकडे अबूझ मुहूर्त मानतात, त्या दिवशी मुहूर्त न काढताही लग्नं लागतात. त्यात शनिवार-रविवार असेल तर उज्जैनची गर्दी. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या महाकाल मंदिराभोवती ‘महाकाल लोक’ हा नवा परिसर झाल्यापासून शहरातल्या टॅक्सीवाल्यांचा मोठा धंदा उज्जैन-ओंकारेश्वरचाच आहे.

म्हणून शाळेने तारीख सांगितली त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये लग्नाचे मुहूर्त बघा. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी मुहूर्त असेल तर महिनाभर आधी गाडी पक्की करा, नसेल तर दोन आठवडे पुरतात. शाळा तारीख पुढेमागे करतात, तेव्हा ॲडव्हान्स देतानाच विचारून घ्या : तारीख बदलली तर पैसे पुढच्या तारखेला वळते होतील का?

वेळेचा अंदाज निमंत्रणावरून बांधू नका. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला मनाई आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं स्पष्ट आहे, त्यामुळे डीजे दहाला बंद होतो. मग जेवण, मग फोटो, मग गळ्यात पडून रडणं. गेटबाहेर यायला अकरा ते साडेअकरा धरा.

कुणी कुणाबरोबर

मुलं गट मैत्रीवरून पाडतात, तुम्ही पत्त्यावरून पाडा. राजेंद्र नगर, सुदामा नगर, अन्नपूर्णा हा एक पट्टा झाला. टिळक नगर, कनाडिया रोड, बंगाली चौराहा हा दुसरा. एका गाडीत दोन्ही पट्टे कोंबले तर शेवटचं मूल घरी पोचायला एक वाजतो. मैत्रिणी वेगळ्या गाड्यांत गेल्या तर काही बिघडत नाही, तिथे पोचल्यावर सगळे एकत्रच असतात.

बुकिंग एकाच पालकाच्या नावावर करा. ट्रॅव्हल्सवाल्याशी बोलणारा, पैसे देणारा आणि त्या रात्री फोन उचलणारा माणूस एकच असावा. पाच आयांनी ड्रायव्हरला पाच वेगवेगळ्या सूचना दिल्या की तो शेवटी कुणाचंच ऐकत नाही.

आणि आता मुलांना न आवडणारी गोष्ट. येताना पुढच्या सीटवर घरातलं एक मोठं माणूस असावं. जाताना नको, जाताना त्यांना हवी ती गाणी लावून जाऊ द्या. हा माणूस साडेदहापर्यंत रिक्षाने किंवा कुणाच्या तरी गाडीने तिथे पोचतो, बाहेरच थांबतो आणि परतीला पुढे बसतो. आत डोकावत नाही, फोटोत येत नाही. आमच्याकडे हे मुलांनी कुरकुरत का होईना मान्य केलं, कारण अट आधीच सांगितली होती. ऐन वेळी सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.

गाडी निवडताना साडीचा विचार करा

या माणसाची सीट धरूनच गाडी निवडायची. डिझायरसारख्या सेडानमध्ये ड्रायव्हर सोडून चार, म्हणजे तीन मुलं आणि एक मोठं माणूस. अर्टिगात सहा. इनोव्हा क्रिस्टा सात किंवा आठ सीटची येते, म्हणजे प्रवासी सहा किंवा सात. त्याहून मोठा गट असेल तर ट्रॅव्हलर.

आकडे कागदावर जमतात, साड्यांनी बिघडतात. अर्टिगाच्या तिसऱ्या रांगेत जायचं म्हणजे मधली सीट पुढे सरकवून, दुमडून, वाकून, एक पाय आधी आत टाकून जावं लागतं. कांजीवरम नेसलेली, उंच टाचांची सॅंडल घातलेली मुलगी हे करायला गेली की निऱ्यांवर पाय पडतो आणि कमरेची पिन निघते. मागे बसायचं कुणी यावरून दारातच वाद होतो. म्हणून तिसऱ्या रांगेत मुलगे, मधल्या रांगेत साडीवाल्या, हे घरीच ठरवा. घेरदार लहंगा असेल तर मधल्या रांगेत तिघी बसवू नका, दोघीच. सगळ्याच मुली असतील तर ट्रॅव्हलर बरी पडते. आत जवळजवळ उभं राहून चालता येतं, फक्त पायरी उंच असते, तिथे हात द्यायला कुणीतरी हवं.

“एक जास्तीची बसेल की मांडीवर” हे चालवून घेऊ नका. परवानगीपेक्षा जास्त प्रवासी असतील तर कलम १९४ अ नुसार माणशी २०० रुपये दंड आहे. दंडापेक्षा पुढची तरतूद त्रासाची आहे : जास्तीच्या प्रवाशांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी हलू देत नाहीत. रात्री बाराला बायपासवर ही वेळ कुणाच्याही मुलीवर येऊ नये. सीटबेल्ट मागच्या सीटवरही सक्तीचा आहे. निऱ्या चुरगळतात म्हणून मुली लावत नाहीत, तेव्हा पट्टा कमरेशी खाली ओढून कसा लावायचा ते आधी दाखवा.

लांब लिमोझिन, विंटेज गाडी, उघडी जीप यांच्या जाहिराती लग्नांमुळे दिसतात आणि मुलांना तेच हवं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच लांब गाड्या जुनी सेडान कापून-जोडून बनवलेल्या असतात. कंपनीने नोंदवलेल्या रचनेत असा बदल करायला कायद्याची परवानगी नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी करण्याचे नियम २०२१ मध्ये आले, त्यात अशी गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. फोटोसाठी कुणा ओळखीच्यांची जुनी गाडी दारात उभी राहिली तर आनंद आहे, मुलांना घरी आणायला ती नको.

पिवळी पाटी, आणि तीच गाडी

इंदूरमध्ये “भावाची फॉर्च्युनर आहे, तुम्हाला म्हणून देतो” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ती गाडी पांढऱ्या पाटीची (नंबर प्लेटची), म्हणजे खासगी असते. भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं लागतात, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती स्वतः चालवायला भाड्याने देण्याची गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवली तर परमिट नसल्याबद्दल १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मला जास्त काळजी विम्याची वाटते. खासगी गाडी भाड्याने वापरताना अपघात झाला की विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं, आणि मग मुलांच्या दवाखान्याचा खर्च कुणी द्यायचा यावर वर्षानुवर्षं कोर्टात जातात.

गाडीचा नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर टाका. नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, फिटनेस आणि पीयूसी चालू आहे का, हे दोन मिनिटांत दिसतं. मी हे प्रत्येक वेळी करते आणि ट्रॅव्हल्सवाल्यालाही सांगते की मी हे करणार आहे. त्यानेच निम्मं काम होतं.

एका ट्रॅव्हल्सने आम्हाला नवी कोरी क्रिस्टा दाखवली आणि त्या दिवशी दुसऱ्याच मालकाची जुनी गाडी पाठवली. घासलेले टायर, मागच्या एका दरवाज्याचं हँडल आतून चालत नव्हतं. मुहूर्ताच्या दिवशी हे सर्रास होतं, स्वतःच्या गाड्या लग्नाला जातात आणि आपल्याला बाहेरून घेतलेली येते. म्हणून बुकिंग करताना लिहून घ्या की नंबर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचा, आणि बदलायचीच झाली तर त्याच वर्गाची, पिवळ्या पाटीची गाडी द्यायची. नाहीतर ॲडव्हान्स पूर्ण परत. गाडी दारात आली की मुलं बसायच्या आधी मागचे दोन्ही दरवाजे आतून उघडून बघा, चाइल्ड लॉक लागलेला नको. नव्या टॅक्सींत पॅनिक बटण असतं, ते कुठे आहे आणि चालू आहे का हे ड्रायव्हरलाच दाखवायला सांगा. काचांना काळी फिल्म नको, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१२ मध्येच बंद केली आहे.

ड्रायव्हर

गाडीपेक्षा हा माणूस महत्त्वाचा, आणि त्याला विचारायचा पहिला प्रश्न इंदूरलाच लागू पडतो : “भैया, कल रात भस्म आरती की ट्रिप थी क्या?” उज्जैनच्या महाकाल मंदिरात भस्मारती पहाटे चारला असते, म्हणून इंदूरहून गाड्या रात्री एक-दोनलाच निघतात. आदल्या रात्री उज्जैन, दिवसभर एअरपोर्टच्या फेऱ्या आणि संध्याकाळी आपलं फेअरवेल, असा माणूस अकरा वाजता स्टिअरिंगवर झोपाळलेला असणारच. उलट बाजूही विचारा. आपल्या फेरीनंतर एक वाजता त्याची भस्मारतीची सवारी लागलेली असेल तर तो मुलांना घाई करेल आणि गाडी पळवेल. मोटार परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात आठ तासांचा दिवस आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. आपण गाडी साडेचार ते साडेबारा मागतो, म्हणजे त्याचा आख्खा दिवस आपलाच होतो. ट्रॅव्हल्सला सांगा की त्या दिवशी सकाळी त्याला दुसरी ड्यूटी देऊ नका.

त्याच्या जेवणाची सोय करा. मुलं आत पनीर टिक्का खात असतात आणि हा माणूस जानेवारीच्या थंडीत सहा ते अकरा पार्किंगमध्ये बसलेला असतो. हॉटेलात ड्रायव्हरच्या जेवणाची सोय आहे का ते आधी विचारा, नसेल तर घरून पोळी-भाजीचा डबा आणि थर्मासमधून चहा द्या. जेवलेला, थोडा टेकलेला माणूस परतीला नीट चालवतो. शिवाय तो जेवणासाठी गाडी घेऊन कुठे लांब जात नाही आणि पार्किंगमधल्या इतर ड्रायव्हरांबरोबर प्यायला बसण्याचा प्रसंगही टळतो. कायद्याची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे. आपली मर्यादा शून्य, हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं. परतीला पुढे बसणारा माणूस निघण्यापूर्वी ड्रायव्हरशी दोन मिनिटं समोरासमोर बोलतो, वासही कळतो आणि डोळेही. शंका आली तर मुलांना त्या गाडीत बसवायचं नाही, पैसे गेले तरी चालतील. यासाठी दोन पालकांच्या गाड्या घरी तयार ठेवा.

पैशाचं गणित

शहरातल्या कामाला पॅकेज मिळतं, ८ तास ८० किलोमीटर. पॅकेज कुठून मोजतात हे विचारलं नाही तर बिल बघून धक्का बसतो. बहुतेकजण गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात, म्हणजे गाडी त्यांच्याकडून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत. राजेंद्र नगरातल्यांनी लसुडिया मोरीजवळची ट्रॅव्हल्स केली तर दोन्ही वेळचा आख्ख्या शहराचा फेरा आपल्या अंगावर पडतो. जवळची ट्रॅव्हल्स दोनशे रुपये महाग असली तरी शेवटी परवडते.

उदाहरण म्हणून आकडे धरू. पॅकेज ३,२००, जास्तीचा तास २००, जास्तीचा किलोमीटर १६, रात्रीचा ड्रायव्हर भत्ता ३००. गाडी साडेचारला निघाली आणि दीडला परत पोचली, म्हणजे नऊ तास. किलोमीटर झाले ९५. मग ३,२०० अधिक २०० अधिक २४० अधिक ३००, एकूण ३,९४०. त्यावर पाच टक्के जीएसटी १९७, झाले ४,१३७. पार्किंग आणि टोल वेगळे. पाच मुलांत वाटले तर प्रत्येकी सव्वाआठशेच्या आसपास. तुमच्या ट्रॅव्हल्सचे दर घालून हेच गणित आधी करा आणि वाटणी आधीच गोळा करा.

सोडून जायचं आणि रात्री परत यायचं, अशी दोन फेऱ्यांची बोली स्वस्त पडते. मी ती घेत नाही. मधल्या चार तासांत तो दुसरी सवारी घेतो, लग्नाच्या वरातीत अडकतो आणि अकराला फोन लागत नाही.

ठरलेलं सगळं एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्यावर ‘ठीक आहे’ असं उत्तर मागा : तारीख, गाडीचा प्रकार, पाटी पिवळी, वेळ, पॅकेज, मोजणी कुठून, जास्तीचे दर, भत्ता, ॲडव्हान्स, तारीख बदलल्यास काय.

रस्ता, आणि सराफा

जाताना रस्त्याची काळजी फारशी नसते, फक्त मुहूर्त असेल तर वरातींसाठी पाऊण तास जास्त धरा. येताना ड्रायव्हर बायपासने यायला बघतो, मोकळा असतो म्हणून. रात्री तिथे ट्रकांची रांग असते आणि वेग वाढतो. बिचोली किंवा कनाडियाच्या बाजूने राजेंद्र नगरकडे यायचं असेल तर मी रिंग रोड सांगते : बंगाली चौराहा, पिपल्याहाना, तीन इमली, आयटी पार्क, राजीव गांधी चौक. सिग्नल जास्त, पण दिवे आहेत, माणसं आहेत.

मुलं सराफ्याला, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, जायचं म्हणणारच. इंदूरची मुलं ती, फेअरवेलनंतर गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खाल्ल्याशिवाय त्यांची रात्र पुरी होत नाही. सरळ नाही म्हणू नका, नाहीतर ती गुपचूप जातील. पुढे बसलेल्या मोठ्या माणसाबरोबर जाऊ द्या, वेळ चाळीस मिनिटं. गाडी सराफ्यात शिरत नाही, राजवाड्याच्या आसपास उभी करून पायी जावं लागतं, म्हणून मुलींच्या सपाट चपला एका पिशवीत आधीच गाडीत टाकून ठेवा. ड्रायव्हरला हा थांबा बुकिंगच्या वेळीच सांगितलेला असावा, रात्री अकराला सांगितला की तो चिडतो आणि त्याचं चिडणं रास्त असतं. बारावीच्या बाकी गाड्याही तिथेच आलेल्या असतात. दुसऱ्या गाडीतला मित्र आपल्या गाडीत चढणार नाही आणि आपलं मूल दुसऱ्या गाडीत जाणार नाही, हा नियम मोडू देऊ नका.

सनरूफमधून उभं राहणं पूर्ण बंद. मुलांना वाटतं रील बनेल, पण साध्या ब्रेकलाही वर उभं असलेलं मूल पोटावर काचेच्या कडेवर आदळतं. ड्रायव्हरला सांगून ठेवा की सनरूफ उघडायचंच नाही, कुणी कितीही भैया-भैया केलं तरी. नंबर प्लेटवर फुगे किंवा ‘फेअरवेल’चे स्टिकर लावू नका.

त्या रात्री

गाडी आली की मीटरचा फोटो काढा, ड्रायव्हरचा नंबर पालकांच्या ग्रुपवर टाका, पाटीचा फोटोही टाका. एका मुलाच्या फोनवरून आठ तासांचं लाइव्ह लोकेशन सुरू करा आणि गाडीत चार्जर आहे ना ते बघा. मुलांच्या फोनमध्ये ११२ आणि दोन पालकांचे नंबर असावेत. बॅटरी संपते, म्हणून तेच नंबर एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये द्या.

सोडण्याचा क्रम आधी लिहून ठेवा. पुढे बसलेला माणूस शेवटच्या मुलाच्या घरचा असला तर उत्तम, म्हणजे कुठलंच मूल ड्रायव्हरबरोबर एकटं उरत नाही. प्रत्येक दारात घरचं कुणीतरी बाहेर आलेलं असावं आणि मूल आत जाऊन दरवाजा लागेपर्यंत गाडी हलायची नाही. सोसायटीच्या गेटवर सोडून जायचं नाही, इमारतीच्या दारापर्यंत आत जायचं. प्रत्येक घराने ग्रुपवर ‘पोचली’, ‘पोचला’ एवढं टाकायचं. शेवटचा ‘पोचला’ येईपर्यंत बुकिंग करणाऱ्या पालकाने झोपायचं नाही.

शेवटच्या घरी मीटरचा दुसरा फोटो. तिथून गॅरेजचं अंतर नकाशावर बघून त्यात मिळवलं की बिलातले किलोमीटर जुळतात. उरलेले पैसे ड्रायव्हरच्या हातात देऊ नका, दुसऱ्या दिवशी बिल बघून ट्रॅव्हल्सच्या खात्यावर टाका. ड्रायव्हरने नीट आणलं असेल तर त्याला वेगळी बक्षिशी त्याच वेळी रोख द्या. आणि गाडी जाण्याआधी टॉर्च लावून मधल्या सीटखाली बघून घ्या, एक झुमका नाहीतर कुणाच्या तरी आईचा बाजूबंद तिथे हमखास पडलेला असतो.